करुणाच्या जिवंत पेशी

मोहाडीत गोपाळरावांचं कापडाचं दुकान होतं, आणि पोरीचं संशोधन आपल्याला पुरतं समजलंय असा त्यांचा समज होता. करुणा नागपूरच्या एका प्रयोगशाळेत काम करायची. तिनं फोनवर तीनदा सांगितलं होतं, "बाबा, जिवंत सेलच्या अंगावर प्रोटीन असतात. आमचा सेन्सर नेमक्या प्रोटीनला चिकटला की तेवढी जागा उजळते."

दिघोरीचे परसराम आणि चंद्रभागाबाई आपल्या मुलासाठी, अंकुशसाठी, तिला पाहायला आले, आणि त्यांनी "पोरगी काय करते?" असं विचारलं, तेव्हा गोपाळराव बेधडक म्हणाले, "सेल जिवंत आहे का मेला, ते उजेड पाडून सांगते."

परसराम खूश झाले. करुणा पोहे घेऊन आली, तर त्यांनी पिशवीतून टॉर्च काढला आणि त्यातले दोन सेल तिच्यापुढे ठेवले. "पाह्य बरं बाई, यातला मेला कोणता?"

करुणानं बापाकडे पाहिलं. बाप पंख्याकडे पाहत होता.

"काका, हा सेल नाही. मी पेशीवर काम करते. जिवंत पेशी."

चंद्रभागाबाईंचा घास हातातच राहिला. "पेशी? कोर्टातली? पोरीवर केस हाय का जी?"

"नाही, नाही," गोपाळराव घाईनं म्हणाले. मग त्यांनाच शंका आली. "काहून वं करुणा, नाही ना?"

"बाबा, शरीरातली पेशी! एकेकाच्या अंगात अब्जावधी असतात."

"आमच्या एका बांधाच्या केसच्या सोळा वर्षांत दोनशे झाल्या," परसराम कौतुकानं म्हणाले.

करुणानं शेवटी मोबाइलवर फोटो दाखवला. काळ्यावर हिरवी गोल कडा. "ही पेशी. हिरवं दिसते ते प्रोटीन. पेशी न मारता दिसते, हेच तर आमचं काम."

परसरामांनी चष्मा लावून फोटो नीट पाहिला. "अन् पुढची तारीख कोठं लिवली हाय?"

पाहुणे "कळवतो" म्हणून गेले. स्थळ गेलंच, असं गोपाळरावांनी धरून टाकलं. संध्याकाळी परसरामांचा फोन आला.

"पोरगी पसंत हाय. बांधाची केस काही सरून नाही राहिली. पेशीतलं समजणारी सून आमाले पाहिजेच होती."

गोपाळरावांनी फोनवर हात ठेवला आणि करुणाला सगळं सांगितलं.

"हो म्हणू नका, बाबा. आधी त्यांना खरं काय ते सांगा."

"सांगतो ना," गोपाळराव आवाज खाली आणून म्हणाले. "पण पहिले मले तं सांग, तू करते काय?"