चष्मेवाल्याचं खोटं उत्तर

"एक मिनिट! फक्त एका मिनिटाचं काम!" असं म्हणून चष्मेवाल्याने शर्टाच्या बाह्या सरसावल्या आणि नवा फोन जेवणाच्या टेबलावर मधोमध ठेवला. एखादा जादूगार टोपी ठेवतो तसा. आता यातून ससा निघणार, नुसतं बघत राहा!

समोर त्याची बायको बसली होती, शेजारी आई, आणि दाराला टेकून धाकटा भाऊ उभा होता. भाऊ दुकानात त्याचा भागीदार होता. कुतूहल सगळ्यांनाच होतं, पण जीव टांगणीला लागला होता तो एकट्या बायकोचा.

तिला स्वतःचं पाळणाघर काढायचं होतं. इतकी वर्षं ती दुसऱ्याच्या पाळणाघरात दुसऱ्याच्या हुकमाखाली दुसऱ्यांची पोरं सांभाळत आली होती. आता तिच्या मनासारखी खोली सापडली होती. तळमजला, दोन मोठ्या खिडक्या, आणि बाहेर पडायला दार एकच! "म्हणजे पोरं सटकायची नाहीत," ती म्हणाली होती. मालकाने सोमवार संध्याकाळपर्यंत थांबायचं कबूल केलं होतं. पैसे तिचेच होते, पण ते नवऱ्याच्या फोनमध्ये क्रिप्टो होऊन बसले होते. "बँकेत पैसे झोपतात, इथे धावतात!" असं त्याने तिला पटवलं होतं. ती तेव्हा एवढंच म्हणाली होती, "धावत कुठे जातात, तेवढं बघत राहा."

जुना फोन गेल्याच आठवड्यात काचा धुवायच्या साबणाच्या पाण्यात पडून गेला होता. नव्या फोनवर चष्मेवाल्याने अ‍ॅप उघडलं आणि भलामोठा पासवर्ड न अडखळता टाकला. भावाने शिट्टी वाजवली. मग पडद्यावर एक ओळ उमटली, आणि ती चष्मेवाल्याने मोठ्याने वाचली. इथेच घोड्याने पेंड खाल्ली.

"सुरक्षा प्रश्न. तुमचा सर्वांत जास्त विश्वास कोणावर आहे?"

बायको गालातल्या गालात हसली. "घाला की मग. 'बायको' म्हणून घाला."

चष्मेवाल्याचा चेहरा चुकीच्या नंबरचा चष्मा लावल्यासारखा झाला. "ते नसणार," तो म्हणाला.

"नसणार?"

आता, तो असं का म्हणाला हे समजायला त्याच्या दुकानामागच्या खोलीत जायला हवं. तिथे दर रविवारी अक्षरांच्या तक्त्याखाली तीन क्रिप्टोवेडे जमत. एक चष्मेवाला. दुसरे शेजारच्या दवाखान्यातले दातांचे डॉक्टर. तिसरे समोरच्या ड्रायव्हिंग स्कूलचे मास्तर. डॉक्टर बोलत, मास्तर शंका काढत, आणि चष्मेवाला मान डोलवत असे.

"पासवर्ड कसा हवा? चोराच्या बापाला कळू नये असा!" डॉक्टर एकदा म्हणाले.

"माझा तसाच आहे!" मास्तर छाती फुगवून म्हणाले. "क्लच, ब्रेक, अ‍ॅक्सिलरेटर! आणि तेही उलट्या क्रमाने!"

"मास्तर," डॉक्टर म्हणाले, "आता तो आम्हा दोघांच्या बापांनाही कळला."

त्या दिवशी मास्तरांनी घरी जाऊन पासवर्ड बदलला, आणि डॉक्टरांनी पुढच्या रविवारी नियम सांगितले. सुरक्षा प्रश्नाचं उत्तर कधीही खरं द्यायचं नाही. तुमची पहिली शाळा कोणती, हे गल्लीतल्या न्हाव्यालाही ठाऊक असतं. आणि उत्तरात कोणाचं नाव घालायचं नाही, नुसतं नातं घालायचं. "विश्वास हाच सगळ्यात मोठा धोका!" डॉक्टरांचा आवाज चढला. "बँक नको, कारकून नको, कोणाची सही नको. कोणावरही विश्वास ठेवावा लागत नाही, म्हणून तर ही नाणी!"

"खोटं लिहायला हरकत नाही," मास्तर म्हणाले, "पण पुढे ते लक्षात कोण ठेवणार?"

"ज्याला खोटं लक्षात ठेवता येत नाही, त्याने क्रिप्टोच्या वाटेला जाऊ नये!"

चष्मेवाल्याला हे फार आवडलं होतं. इतकं, की त्याने नियम तंतोतंत पाळला आणि काय लिहिलं ते तंतोतंत विसरला.

"म्हणजे बघ," तो बायकोला समजावू लागला, "खरं उत्तर तूच आहेस. म्हणूनच ते तिथे नाही. तिथे खोटं आहे. ज्याच्यावर माझा विश्वास नाही, असं माणूस."

"मग माझंच असणार," भाऊ दारातून म्हणाला. त्याने हे हसत म्हटलं खरं, पण हसू अर्ध्यावरच राहिलं. कारण खातं उघडलं त्याच सुमारास त्याने दुकानात गुलाबी फ्रेमांचा अख्खा खोका मागवला होता. त्यातली एकही विकली गेली नव्हती. त्यावरून दोघांत चांगलीच जुंपली होती.

चष्मेवाल्यालाही तेच आठवलं. त्याने 'भाऊ' असं लिहिलं. सगळे पडद्यावर वाकले.

चूक. दोन प्रयत्न शिल्लक.

"दादा!" भाऊ ओरडला. "मी नाही! म्हणजे तुझा माझ्यावर विश्वास आहे!" आणि त्याने येऊन मोठ्या भावाला मिठीच मारली. गुलाबी फ्रेमांनंतर दोघं पहिल्यांदाच इतके जवळ आले होते.

"आणि मी रे?" आई म्हणाली.

"आई, तुझं घातलं आणि ते बरोबर निघालं, तर..."

"तर कळेल! घाल. एकदाचं कळू दे."

आईने डोळे मिटून घेतले. त्याने 'आई' लिहिलं.

चूक. एक प्रयत्न शिल्लक. यानंतर खातं तपासणीसाठी बंद करण्यात येईल.

आईने डोळे उघडले. आनंद मानावा की नाही, तिला कळेना. "म्हणजे माझ्यावर विश्वास आहे म्हणून मी नाही, की मी तुला आठवलेच नाही म्हणून मी नाही?"

चष्मेवाल्याने फोनची काच उगाच पुसली. बायकोने हाताची घडी घातली. "आता माझं घालून बघा."

"नाही!"

"का?"

"ते बरोबर निघालं तर मी तोंड कुठे लपवू?"

"आणि खोली हातची गेली, तर मी कुठे लपवू?"

इकडे आड, तिकडे विहीर! चष्मेवाल्याने फोन खिशात टाकला आणि दुकान गाठलं. अ‍ॅपच्या मदत कक्षाशी बोलायचा प्रयत्न केला. तिथे माणूस नव्हता, यंत्र होतं. त्याने सगळी हकिगत लिहून कळवली. यंत्राने उत्तर दिलं, "आपला विश्वास आमच्यासाठी अमूल्य आहे."

दुसऱ्या दिवशी रविवार होता. मंडळी जमली. डॉक्टरांनी ऐकून घेतलं आणि त्यांच्यातला तज्ज्ञ जागा झाला. "घाबरू नका. शास्त्रशुद्ध पद्धतीने जाऊ. डोळे मिटा. तुमचा विश्वास नाही असा माणूस मनात आणा. हं, उघडा! पहिलं कोण आलं?"

चष्मेवाल्याने डोळे उघडले आणि थेट डॉक्टरांकडे बघितलं.

"मी?" डॉक्टर म्हणाले.

"नाही हो! तुम्ही समोर होतात म्हणून नजर..."

"डोळे मिटल्यावर कोण समोर असतं?" मास्तरांनी शंका काढली. त्यांना हसू आवरेना.

"अहो, तुमच्या आईची कवळी माझ्याकडे आहे!" डॉक्टर उभे राहिले. "नवीन करतोय मी! जुनी मापासाठी ठेवून घेतलीय!"

"कवळीपुरता आहे की विश्वास!" चष्मेवाला घाईघाईने म्हणाला. बोलला आणि जीभ चावली.

"कवळीपुरता! मग ज्याच्यावर पुरता विश्वास आहे, त्याच्याकडूनच करून घ्या!" असं म्हणून डॉक्टर निघून गेले. ज्या माणसाने 'कोणावर विश्वास ठेवू नका' हे गळा फोडून सांगितलं, त्याच्यावर कोणी विश्वास ठेवला नाही, तर त्याला इतकं लागलं!

दुपारी घरी ही बातमी पोचली. आदल्या संध्याकाळी जुनी कवळी देऊन आल्यापासून आई नुसत्या सूपवर होती. नवी कवळी आज मिळायची होती.

"तुझा विफ्वाफ तुझ्यापाशी ठेव," ती म्हणाली, "आणि माझे दात आण!"

संध्याकाळी चष्मेवाला दुकानात एकटाच काचा पुसत बसला होता. दुकान बंद होतं, तरी पुसत होता. बायको आली. गिऱ्हाइकाच्या उंच खुर्चीत बसली आणि समोरच्या तक्त्यावरची अक्षरं बघत राहिली.

"एक विचारू?" ती म्हणाली. "खोटं काय लिहिलंत ते राहू दे. पण खोटं शोधायच्या आधी खरं काहीतरी मनात आलं असेल ना? ते काय होतं?"

"तूच की."

"चटकन बोलू नका. आठवा आणि मग बोला."

चष्मेवाल्याने फडकं खाली ठेवलं. ती दुपार आठवायचा प्रयत्न केला. भाऊ जेवायला गेला होता. दुकानात चिटपाखरू नव्हतं. पडद्यावर प्रश्न आला होता. आणि तेव्हा... दुसऱ्यांच्या डोळ्यांत बॅटरी मारून बघणं वेगळं, स्वतःच्या मनात मारून बघणं वेगळं. तिथे काय दिसेल याचा भरवसा नसतो.

"मी," तो शेवटी म्हणाला. "माझ्या मनात आलं, विश्वास आपला फक्त आपल्यावर. बाकी कोणाची गरज नाही. आणि खरं सांगू? तेव्हा मला फार बरं वाटलं होतं."

तिने मान हलवली. तिला राग आल्यासारखं दिसलं नाही, फारसं नवलही वाटलं नाही. "मला पासवर्ड कधी सांगितला नाहीत, तेव्हाच कळलं होतं," ती म्हणाली.

"सुरक्षेसाठी गं..."

"हो. माझ्यापासून." मग ती बोटांवर हिशेब मांडू लागली. "म्हणजे खरं उत्तर 'मी'. ते घालायचं नाही. मग खोटं म्हणून माणूस काय लिहील? लांबचं कशाला आठवेल? जे सगळ्यांना खरं वाटेल असंच लिहील ना?"

तिचं म्हणणं कुठे चाललंय ते त्याला दिसत होतं. चष्म्याशिवाय, स्वच्छ!

सोमवारी सकाळी डॉक्टर स्वतः घरी आले. बरोबर मास्तर होते. मास्तरांनी त्यांना आदल्या संध्याकाळी गाडीत बसवून, गावाबाहेर दोन फेऱ्या मारून समजूत घातली होती. "कवळीचा काय दोष?" असं म्हणून डॉक्टरांनी डबी आईच्या हातात दिली. आईने दात बसवले आणि पहिला शब्द उच्चारला, "बसा." अगदी स्पष्ट!

चष्मेवाल्याने डॉक्टरांची माफी मागितली. डॉक्टर म्हणाले, "नाही हो, चूक माझी. मी नियम सांगितला तेव्हा माणसं हिशेबात धरलीच नव्हती."

फोन पुन्हा टेबलावर आला. या वेळी जादूगाराचा आव नव्हता. चष्मेवाल्याची बोटं पुढे सरकेनात. शेवटी बायकोनेच फोन ओढून घेतला.

"अगं, थांब! बंद झालं तर महिनोन्‌महिने..."

"बंद झालं, तर तुमच्या मनात मी निदान खोटी नव्हते असं समजेन," ती म्हणाली. "आणि उघडलं, तर खोली मिळेल. माझं नुकसान कशातच नाही."

असं म्हणाली खरी, पण 'बायको' लिहिताना तिचं बोट शेवटच्या अक्षरावर क्षणभर थांबलं. ते फक्त चष्मेवाल्यालाच दिसलं.

खातं उघडलं!

भावाने उडी मारली. मास्तरांनी टाळ्या वाजवल्या. आईने नव्या दातांनी कडकडून आनंद व्यक्त केला. आणि मग एकेकाच्या डोक्यात हिशेब उतरत गेला, तसतसा एकेकजण गप्प झाला. डॉक्टर तेवढे उत्साहात होते. "म्हणजे नियमाप्रमाणे बघितलं तर," ते म्हणाले, "ज्याअर्थी उत्तर खोटं आहे, त्याअर्थी..."

मास्तरांनी टेबलाखाली त्यांच्या पायावर पाय दिला. ब्रेकवर देतात तसा, करकचून.

नाणी विकली गेली आणि पैसे बायकोच्या खात्यात पोचले. बँकेतल्या, झोपणाऱ्या खात्यात. दुपारी ती आणि चष्मेवाला खोलीची चावी घ्यायला निघाले. रस्ताभर त्याने तीनदा घसा खाकरला.

"ऐक ना," तो शेवटी म्हणाला, "आता मला कोणी विचारलं ना, तर मी खरं उत्तर म्हणून तुझंच सांगेन."

"नका सांगू," ती म्हणाली. "डॉक्टर रागावतील. खरं उत्तर सांगायचं नसतं."

ती हे हसत म्हणाली की कसं, हे त्याला बाजूने चालताना नीट दिसलं नाही. वळून बघायचा धीर त्याला झाला नाही.

खोली रिकामी होती. खिडक्यांतून ऊन थेट समोरच्या भिंतीपर्यंत आलं होतं. चष्मेवाला मध्यभागी उभा राहून काहीतरी मोठं बोलायच्या तयारीत होता. माफीचं किंवा कौतुकाचं, त्याचं अजून ठरलं नव्हतं. तेवढ्यात बायकोने पिशवीतून मोजायची टेप काढली आणि तिचं एक टोक त्याच्या हातात दिलं.

"त्या कोपऱ्यात जाऊन हे धरा," ती म्हणाली. "आणि सोडू नका. एवढं जमेल ना?"

तो कोपऱ्यात गेला, गुडघे टेकून बसला आणि टेपचं टोक दोन्ही हातांनी भिंतीशी गच्च दाबून धरलं. ती माप घेऊन, टेप गुंडाळत त्याच्यापाशी येऊन पोचली, तरी तो सोडेना.

"अहो, झालं," ती म्हणाली. "सोडा आता."