बचावफळीचे शालिकभाऊ

आमच्या गल्लीत स्कूटर मागे घ्यायची असेल तर आरशात बघावं लागत नाही. समोरच्या घराच्या फाटकाशी शालिकभाऊ पराते प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलेले असतात, ते बघतात. "घ्या ताई, घ्या. टाईम आहे, टाईम आहे. डावीकडून सायकल. थांबा. गेली. आता मोकळ्या आहा, या." आणि हे सगळं अशा आवाजात, की मी कॉलेजला निघाले ही बातमी आमच्या अर्ध्या हुडकेश्वर वस्तीला कळते.

दूधवाला फाटकात वाकला की "मागून कुत्रा". देवळात निघालेल्या म्हाताऱ्या बाबाजींना "एकटे आहा, आरामात". भाजीच्या ठेल्यावर दोन बायांचे हात एकाच फुलकोबीवर पडले की खुर्चीतून हुकूम सुटतो, "एकीनं आवाज द्या. माझा म्हणा, नाही तर सोडा." गंमत म्हणजे आता बाया खरंच म्हणतात. परवा मीही मेथीच्या जुडीवर हात ठेवून "माझी" म्हणाले, आणि पलीकडच्या बाईंनी मुकाट्यानं हात मागे घेतला.

सुरुवातीला मात्र माझं डोकं फिरायचं. मी रसायनशास्त्र शिकवते. दिवसभर दुसऱ्यांना सूचना देण्याचा मला पगार मिळतो, त्यामुळे फुकटात सूचना ऐकून घ्यायची सवय नाही. एकदा मी स्कूटर थांबवून ठणकावलं, "भाऊ, मला डोळे आहेत."

"आहेत ना ताई," ते शांतपणे म्हणाले. "पण समोर आहेत."

त्या दिवसापासून मी आरसा बघणं सोडलं.

शालिकभाऊ फुटबॉल खेळायचे. हौसेनं नव्हे, पोटासाठी. घर विणकरांचं. वडिलांची सगळी हयात हातमागावर गेली, आणि पोरानं पाय मागाच्या खड्ड्यात सोडायचे तर ते चेंडूला लावले. मोहल्ल्याच्या टीममधून गावातल्या क्लबात, तिथून मुंबई, मग कलकत्ता, गोवा, पंजाब, केरळ, पुन्हा कलकत्ता, पुन्हा गोवा. दहा-बारा क्लब तरी झाले असतील. एका क्लबात दोन सीझनच्या वर टिकले नाहीत, आणि एकाही क्लबानं त्यांना वाईट म्हणून काढलं नाही. "डिफेंडर म्हणजे घरातला फ्यूज आहे ताई," ते म्हणतात. "चालू आहे तवरक कोणी पाहत नाही. दुसरा भेटला की बदलून टाकतात."

प्रत्येक गावची भाषा ते बोलतात, पण त्यांच्या कामापुरती. बंगाली, मल्याळी, पंजाबी, कोकणी, या सगळ्या भाषांत त्यांना तीनच गोष्टी सांगता येतात: मागे माणूस आहे, सोड, आणि माझा. केरळात इतके दिवस काढून मल्याळीत पाणी मागता येत नाही. "पाणी काय, इशाऱ्यानं मागता येते," हा खुलासा. "मागं माणूस आहे हे कसं इशाऱ्यानं सांगाल? तवरक तो गोल मारून घरी जाते."

त्यांच्या बैठकीच्या खोलीत वर्तमानपत्राचं एकच कात्रण फ्रेम करून लावलं आहे. नवा माणूस आला की कौतुकानं जवळ जाऊन वाचतो आणि मग गोंधळून खाली बसतो. कारण फोटो आहे तो शालिकभाऊंनी एका फायनलमध्ये स्वतःच्याच गोलात मारलेल्या गोलाचा. चेंडू जाळीत, गोलकीपर आडवा, आणि मध्ये हे, दोन्ही हात डोक्यावर. मी विचारलं, अहो, हा कशाला लावलात?

"पेपरात माझा एवढाच फोटो आला. बाकी साऱ्या जिंदगीत बराबर खेळलो ना, मंग कोन छापते?" मग मान तिरपी करून स्वतःकडे जरा बघून घेतलं. "पण चांगला आला आहे. केस पाहा किती होते."

या फ्रेमवरची धूळ पुसण्याचं काम मंदाताईंचं. मंदाताई म्हणजे त्यांच्या पत्नी. शालिकभाऊंच्या बोलण्याला जितका आवाज, तितकी यांच्या बोलण्याला धार. नवरा गावोगाव खेळत होता तेव्हा या बाईनं सासू सांभाळली, मुलगी वाढवली, तिचं लग्न करून दिलं, नंदनवन वस्तीतलं भाड्याचं घर सोडून हुडकेश्वरला हे घर बांधून घेतलं. मिस्त्रीशी भांडल्या त्याच, आणि पाण्याच्या टाकीवर चढल्याही त्याच. शालिकभाऊ खेळ संपवून कायमचे घरी आले तेव्हा त्यांना स्वतःच्या घरात टॉवेल कुठे असतो ते ठाऊक नव्हतं. अजूनही चहाचा कप उचलण्याआधी विचारतात, हा कोनाचा? मंदाताई म्हणतात, "जाऊ द्या हो ताई, नवीन प्लेअर आहे. सेट व्हायले वेळ लागते."

गेल्या हिवाळ्यात धंतोलीतल्या एका दवाखान्यात मंदाताईंचा गुडघा बदलला. आपल्याकडे कोणाचं ऑपरेशन झालं की नातेवाईक डबे घेऊन निघतात. उमरेडहून त्यांचा गोतावळा जीप करून आला. पण खोलीच्या दाराशी शालिकभाऊ उभे. कोणाला नाही म्हणाले नाहीत, कोणाला हातही लावला नाही. नुसते पाय किंचित फाकून, गुडघ्यात वाकून, समोरचा जिकडे सरकेल तिकडे सरकत राहिले आणि बोलता बोलता एकेकाला कॅन्टीनच्या जिन्यापर्यंत नेऊन सोडलं. "बाहेरच्या बाजूनं काढाचं असते ताई. आतमध्ये येऊच द्याचं नाही." मंदाताईंचे मामेसासरे तीनदा प्रयत्न करून शेवटी डबा स्वतःच खाऊन परत गेले. त्याच संध्याकाळी औषधांचा ट्रे घेऊन एक केरळी नर्स उलटी वळत होती, तेवढ्यात मागून स्ट्रेचर आलं. शालिकभाऊ मल्याळीत गरजले, "पिन्निल आळुंड!" मागे माणूस आहे. ती जागच्या जागी थिजली, स्ट्रेचर निघून गेलं, आणि त्या पोरीच्या डोळ्यांत एकदम पाणी आलं. घर सोडल्यापासून तिला मागून आपल्या भाषेत कोणी हाक मारली नव्हती म्हणे. ती आनंदानं भडाभडा मल्याळी बोलायला लागली. शालिकभाऊ हसून मान हलवत राहिले, कारण आता उरले होते फक्त "सोड" आणि "माझा".

तर असा हा माणूस एप्रिलमध्ये अचानक गप्प झाला.

मला कळलं ते धडा मिळून. मी नेहमीच्या विश्वासानं स्कूटर मागे घेतली आणि थेट शेजाऱ्यांच्या कुंड्यांवर गेले. शालिकभाऊ खुर्चीवरच होते, जमिनीकडे बघत. मी कुंड्यांची माती झटकत विचारलं, काय झालं भाऊ?

"केरळातून फोन आला," ते म्हणाले. कलकत्त्यात सोबत खेळलेल्या एका दोस्तानं आपल्या गावी लहान पोरांसाठी फुटबॉलची शाळा काढली होती. पोरांना बचाव शिकवायला शालिकभाऊ हवे होते. एक सीझन. खोली देणार, जेवण देणार. रविवारपर्यंत हो-नाही सांगायचं होतं.

"मग जायचंय का तुम्हाला?"

"पोरायले शिकवाले आवडेन मले. आजकाल सारे गोलच मारतात, अडवत कोणीच नाही." मग म्हणाले, "पण मंदाचा गुडघा आता आता चालाले लागला. मलेही घर आता आता समजून राहिलं. कोणता कप कोनाचा ते."

"मग मंदाताईंना विचारा."

"विचाराचं काय त्यात? बॅग काढतो. ती काठ बांधते का, पाहतो."

हे काठाचं प्रकरण मला तेव्हा समजलं. विणकराच्या घरात साड्यांच्या काठांचे उरलेले तुकडे असायचेच. शालिकभाऊ पहिल्यांदा मुंबईला निघाले तेव्हा स्टेशनवर बॅग चुकू नये म्हणून मंदाताईंनी तिच्या कडीला करवतकाठी साडीच्या काठाची एक पट्टी बांधली. मग दर नव्या क्लबाला नवी पट्टी, असा रिवाजच पडला. त्यांच्या बॅगेची कडी आता दिसत नाही, नुसता रंगीत गुच्छ दिसतो. "तिनं काठ बांधला म्हणजे तिची परवानगी आहे," शालिकभाऊ म्हणाले. "एखाद्या साली नसता बांधला तर मी गेलोच नसतो. पण दर साली बांधला तिनं. मले वाटे, बरं आहे, हिले आपल्यावाचून अडत नाही."

मी तशीच मंदाताईंकडे गेले. त्या कूलरसमोर बसून फिजिओथेरपीवाल्यानं सांगितल्याप्रमाणे पाय वरखाली करत होत्या. मी विषय काढताच म्हणाल्या, "जातीन ते. मले काय विचारतात? आतापर्यंत कधी विचारलं? बॅग काढून खोलीत मधोमध ठेवतात, की समजाचं."

"मग तुम्ही काठ का बांधता?"

"माणूस निघालाच आहे तर बॅग तरी वापस यावी ना." त्यांचा पाय वरच्या वर थांबला. "बांधतांना दर वेळी वाटे, आता म्हणतीन, राहू दे मंदा, नाही जात. कधी म्हनले नाहीत."

मला रडू आलं आणि रागही आला. राग जास्त. सगळ्या गल्लीला मागचं-पुढचं सांगणारा हा माणूस, आणि जिभेनं मिस्त्रीला घाम फोडणारी ही बाई, आणि दोघांनी सबंध संसार एका चिंधीच्या गाठीवर सोपवला होता. तो समजायचा ही जा म्हणते. ती समजायची हा निघालाच.

शनिवारी संध्याकाळी मी डबा परत करायला म्हणून गेले. खरं तर डबा निमित्त होता. बॅग खोलीच्या मधोमध ठेवलेली होती. शालिकभाऊ फ्रेमखाली भिंतीला टेकून उभे. मंदाताई दिवाणावर, मांडीत केशरी काठाची पट्टी. मंदाताईंनी पट्टी उचलली, बॅग जवळ ओढली.

दोन पदार्थ शेजारी ठेवून नुसतं बघत बसायचं, हे माझ्या विषयात बसत नाही. मी सांगून टाकलं. भाऊ काय म्हणाले ते ताईंना, ताई काय म्हणाल्या ते भाऊंना, त्यांच्याच शब्दांत. चोंबडेपणा म्हणा हवं तर. मी त्याला संयोग म्हणते.

"तू अडवलं काहून नाही कधी?" शालिकभाऊंनी विचारलं. हा आवाज मी पहिल्यांदाच ऐकत होते. खोलीच्या बाहेर गेला नसता.

"अडवाचं काम माझं होतं?" मंदाताई म्हणाल्या. "डिफेंडर कोन आहे या घरात?"

शालिकभाऊ खाली बसले. फरशीवरच, बॅगेशेजारी. त्या पट्ट्यांच्या गुच्छावरून हात फिरवत राहिले. मग म्हणाले, "नाही जात मी. आताच फोन करून सांगतो त्याले."

"अन् ते पोरं?"

"पाहून घेतीन दुसरा कोणी."

"दुसरा काहून?" मंदाताईंनी पट्टी बाजूला ठेवली. "मले न्या ना सोबत. हा नवीन गुडघा टाकला तो का नुसता सैपाकघर ते मोरी फिराले?"

शालिकभाऊ घाईघाईनं अडचणी सांगू लागले. तिथे घाम फार येतो, खोली लहान असेल, नारळाच्या तेलातली भाजी असते, भाषा समजत नाही. मंदाताई प्रत्येकीवर नुसतं "बरं" म्हणत होत्या. शेवटी अडचणी संपल्या.

"समुद्र आहे ना तिथं?" मंदाताईंनी विचारलं.

"आहे. मैदानाच्या मागंच आहे म्हने तो."

"कसा असते?"

मी सावरून बसले. मला वाटलं, आता दोन तासांची निश्चिंती झाली. मुंबई, गोवा, केरळ. या माणसाची अर्धी कारकीर्द समुद्राच्या काठानं गेली. पण शालिकभाऊ फरशीकडे बघत होते.

"आवाज आयकला आहे," ते म्हणाले. "पाहाले गेलो नाही कधी. पोरं जात सारे, मी खोलीवर राहो. म्हनलं, मंदाले आणीन एखाद्या साली, तवा दोघं पाहू. मंग दर साली राहूनच गेलं."

मंदाताई दिवाणाला धरून उठल्या, आधाराची काठी तिथेच ठेवून हळूहळू आतल्या खोलीत गेल्या. कपाट उघडल्याचा आवाज आला. मग आतून विचारलं, "साड्या दोन पुरतीन का जास्त घेऊ?"

"जास्त घे," शालिकभाऊ म्हणाले. "भिजशीन."