फोटोमागच्या चौकटीतले पारकरसर

बुधवारी पारकरसर गेले. शुक्रवारी प्राचार्य मॅडमनी कॉलेजच्या वेबसाइटचा पासवर्ड मला दिला आणि फोटोंमागची वर्णनं पुसायला सांगितली.

ही वर्णनं म्हणजे काय, ते आधी सांगतो. वेबसाइटवर फोटो चढवताना बाजूला एक छोटी चौकट येते. फोटोत काय आहे ते तिथे शब्दांत लिहायचं असतं. फोटो नीट उघडला की हे शब्द कोणाला दिसत नाहीत, म्हणून बहुतेक लोक ती चौकट रिकामी सोडतात. पारकरसरांनी ती कधीच रिकामी सोडली नाही.

ते इतिहास शिकवायचे, आणि वेबसाइटचं काम त्यांनी आपणहून मागून घेतलं होतं. इंटरनेट त्यातल्या त्यात बरं चालतं ते आमच्या ग्रंथालयात, त्यामुळे तास संपला की ते माझ्या शेजारच्या कॉम्प्युटरवर येऊन बसत. दोन बोटांनी टाइप करत आणि प्रत्येक शब्द मोठ्यानं म्हणत. ग्रंथालयात शांतता राखा अशी पाटी त्यांच्याच डोक्यावर होती. मी पाटीकडे बघितलं की ते म्हणत, "लिमये, पाटी तू लावलीस, तूच पाळ."

आमच्या वेबसाइटवर जुनी नोटीस कधी राहिली नाही, हे मी अभिमानानं सांगतो. परीक्षा संपली की त्याच संध्याकाळी वेळापत्रक खाली उतरलेलं असे. "शिळं म्हावरं आणि शिळी नोटीस," सर म्हणत, "गिऱ्हाईक वासावरून ओळखतं."

पण त्यांचा खरा जीव त्या चौकटीत. एकदा मुलांनी भाट्याच्या समुद्रकाठची पुळण साफ केली. त्याचा फोटो चढवायचा होता. सर बराच वेळ पडद्याला नाक लावून बसले.

"लिमये, ही भरती की ओहोटी?"

"सर, फोटोवरून मी कसं सांगू?"

"रत्नागिरीचा ना तू?"

"सर, प्रवेशाची नोटीसही चढवायची आहे. मुलं खोळंबलीत."

"नोटीस कुठे पळत नाही. पाणी पळतं."

मग त्यांनी मिरकरवाडा बंदरातल्या एका माजी विद्यार्थ्याला फोन केला, त्या दिवशीचं पाणी विचारून घेतलं, आणि लिहिलं: "भाट्याची पुळण. ओहोटी. मुलं कचरा गोळा करत आहेत. दोन मुलगे शंख गोळा करत आहेत. झाडू प्राचार्यांच्या हातात आहे, फोटोपुरता."

यातलं शेवटचं वाक्य काढा, असं मी म्हणालो. "आहे ते लिहायचं," ते म्हणाले. "फोटो बघणाऱ्याचं काय, बघतो आणि जातो."

यावरून पुढे जे व्हायचं ते झालंच. कॉलेजची पाहणी करायला समिती आली होती. सभागृहात मोठ्या पडद्यावर मॅडम वेबसाइट दाखवत होत्या. नेमकं त्याच वेळी नेट मंदावलं. आणि फोटो उघडला नाही तर त्याच्या जागी चौकटीतले शब्द दिसतात, हे सर सोडून कोणालाच ठाऊक नव्हतं. उद्घाटनाच्या फोटोच्या जागी पांढऱ्यावर काळी अक्षरं उमटली. समितीचे अध्यक्ष चष्मा सावरून मोठ्यानं वाचू लागले:

"प्राचार्य मॅडम समई लावत आहेत. काडी पुन्हा विझली. मागचा पडदा मंडपवाल्याचा, खालून उसवलेला. पहिल्या रांगेतले पाहुणे डोळे मिटून ऐकत आहेत. एक घोरत आहेत."

अध्यक्ष इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं. मॅडम हसल्या नाहीत.

"पारकरसर, हे लिहिता तरी कोणासाठी?"

"ज्याला पाहिजे त्याच्यासाठी, मॅडम."

"नवीन डिझाइन येईल ना, तेव्हा हे सगळं पुसायचं. एकही वाक्य राहता कामा नये."

नवीन डिझाइन आलं तेव्हा सर राहिले नव्हते. काम माझ्याकडे आलं. डिझाइनवाल्या कंपनीचा माणूस फोनवर म्हणाला, "सर, एक बटण दाबायचं. सोमवारपर्यंत दाबा. कोणी वाचत नाही ते."

सरांनी लग्न केलं नव्हतं. दर शनिवारी दुपारची एस.टी. पकडून ते मालगुंडला आपल्या थोरल्या बहिणीकडे जात. एवढंच मला माहीत होतं. तो शनिवार होता, म्हणून बटण तसंच ठेवून त्याच गाडीनं मी त्या बहिणीच्या सांत्वनाला गेलो.

सरांच्या बहीण, आपा, ओटीवर बसल्या होत्या. मांडीवर मोबाइल. मी उंबऱ्याशी थांबून नाव सांगितलं.

"लिमये? ग्रंथालयवाला?" त्यांनी मान वळवली, पण माझ्या जरा डावीकडे. "चष्मा घसरलेला, आणि फोटोत नेहमी दाराशी उभा. आताही दाराशीच असशील. आत ये."

त्यांना दिसत नव्हतं. डोळे हळूहळू गेले होते, बऱ्याच वर्षांपूर्वी. आई लवकर वारल्यावर त्यांनी शाळा सोडून धाकट्याला वाढवलं, त्याला कॉलेजात धाडलं. स्वतः कॉलेजची पायरीही कधी चढल्या नव्हत्या. आणि आता मला विचारत होत्या, जिन्याजवळची फुटकी लादी बसवली का, मैदानाकडच्या फणसाला यंदा किती धरलंय, धावण्यात दरवर्षी पहिली येणारी ती शिरगावची पोर आली होती का.

"फोटोमागचं सगळं हा मला वाचून दाखवतो," त्यांनी मोबाइलवर हात ठेवला. "एक फोटो, मग दुसरा. शनिवारी तो आला की मी त्याला त्याचंच कॉलेज सांगायची. चुकले तर ओरडायचा मेला." मग थांबून म्हणाल्या, "बुधवारी तो गेला, तेव्हापासून नवीन काही आलं नाही. कॉलेज बंद आहे काय रे?"

"चालू आहे, आपा," म्हणत मी त्यांच्याजवळ बसलो.

"एक सांग. सगळ्यांचं लिहिलंन, स्वतःचं नाही. त्याच्या फोटोला हा नुसतं म्हणतो, 'पारकर, इतिहास विभाग.' माझे डोळे गेले तेव्हा त्याचे केस काळे होते. विचारलं की म्हणायचा, अजून तसेच आहेत."

"पांढरे झाले होते, आपा. सगळे."

"लबाड," त्या म्हणाल्या, आणि बराच वेळ हसत राहिल्या. डोळे पदरानं पुसले, ते हसता हसताच.

सोमवारी मी मॅडमना हे सांगितलं. माझ्यासमोर त्यांनी कंपनीला फोन लावला: "फोटोंमागचं काही पुसू नका. हो, समईचंसुद्धा."

मग मी सरांचा फोटो उघडला. चौकटीत लिहिलं: "पारकर, इतिहास विभाग. केस पांढरे, दाट, तेल लावून मागे फिरवलेले. कपाळावर डावीकडे जुनी खूण. शर्टाच्या खिशाला शाईचा डाग. ओठ अर्धवट उघडे, कारण फोटो काढणाऱ्याला काहीतरी सांगत आहेत." ते मोठ्यानं वाचलं आणि अपडेट केलं.

सरांनी लिहिलेलं सगळं वेबसाइटवर आहे. नवीन फोटोंचं मी लिहितो. मालगुंडला कोणीतरी ते ऐकतं.