गेनबा मेंढा आणि तीन घुबडांचा निकाल

एका जंगलात फुटबॉलची चौथी लीग होती. मुलांनो, हे जंगल आपल्याकडचे नव्हे. ते पार स्कॉटलंडात. तिथे पाऊस वरून पडत नाही, बाजूने येतो. तिथल्या प्राण्यांची नावे उच्चारताना माझी कवळी निसटते, म्हणून मी त्यांना आपली नावे दिली आहेत. मागच्या रांगेने हसू नये. कवळी तुम्हालाही येणार आहे.

तर पहिल्या लीगमध्ये सांबरे खेळत. त्यांचे फोटो झाडाझाडांवर लागत. दुसरीत कोल्हे होते, तिसरीत लांडगे. चौथीत उरलेसुरले सगळे. चौथीच्या खाली पाचवी नव्हती. चौथीच्या खाली दलदल होती. जो संघ तळाला राही, त्याची रवानगी दलदलीत होई आणि पुन्हा त्याचे कोणी नाव काढत नसे. मागच्या सीझनला बदके गेली. ती तिथे मजेत आहेत म्हणे, पण त्यांचे सोडा.

आपली गोष्ट आहे ओली टेकडी युनायटेडची. हा मेंढ्यांचा संघ. मेंढ्या खेळायला वाईट नव्हत्या, पण खेळता खेळता मैदानातले गवत खात. शिवाय बॉल एकीकडे गेला की दहाच्या दहा जणी तिकडेच धावत. मग गोलपाशी उरायचा एकटा गेनबा.

गेनबा हा गोलकीपर. चांगला थोराड मेंढा, वळणदार शिंगे, दाराएवढा रुंद. नुसता उभा राहिला असता तरी निम्मे गोल वाचले असते. पण बॉल आला की हा डोळे मिटून बाजूला व्हायचा. जन्मात त्याने एक बॉल अडवला नव्हता.

"ठकूबाई," तो संघाच्या अध्यक्षीणबाईंना म्हणायचा, "एकदाच. रिटायर व्हायच्या आत एकदाच बॉल अडवायचाय मला. मग मेलो तरी चालेल."

"आधी दलदल अडव," ठकूबाई म्हणायची. संघ तळाला होता, त्यामुळे तिचेही बरोबर होते.

मग थंडी आली आणि मैदान गोठले. रेफरी होता बगळा. सामन्याआधी त्याने रिवाजाप्रमाणे बॉल जमिनीवर टाकून पाहिला. बॉलने टप्पा घेतला नाही. तो घसरत घसरत शेजारच्या गावात गेला. बगळ्याने सामना रद्द केला.

आता ससे अडचणीत आले. त्या जंगलात सशांना सामन्यांवर पैजा लावायचा भारी नाद. सामनाच झाला नाही तर पैज कोण जिंकले? यासाठी तिथे एक जुनी सोय होती. ओकच्या झाडाच्या ढोलीत तीन घुबडे बसत. सामना झाला असता तर काय झाले असते, ते ही घुबडे ठरवत. घुबडे दिवसा झोपतात आणि सामने दिवसा होतात, त्यामुळे त्यांनी फुटबॉल कधी पाहिला नव्हता. म्हणून त्यांच्या निःपक्षपातीपणाबद्दल कोणालाच शंका नव्हती.

घुबडांनी निकाल दिला, "ओली टेकडी दोन-शून्य जिंकली असती. गोलकीपर गेनबाने तीन गोल अडवले असते."

लीगचा सेक्रेटरी बोकड होता. रद्द झालेला सामना पुन्हा खेळवायचा म्हणजे त्यालाच खपावे लागे. तो म्हणाला, "घुबडं एवढी शिकली-सवरलेली. त्यांचा निकालच धरा की." आणि मेंढ्यांच्या नावावर विजय लागला.

गेनबा बावचळला. "अहो, पण मी तर घरी चुलीपाशी शेकत बसलो होतो!"

"घरी बसून तीन अडवलेस!" ठकूबाई म्हणाली. "मैदानात असतास तर किती अडवले असतेस!"

गेनबाने यावर विचार केला. संध्याकाळी तो शलगमाच्या पॅटिसच्या टपरीवर सगळ्यांना सांगत होता, "पहिले दोन काही विशेष नव्हते. तिसरा अवघड. डाव्या कोपऱ्यात होता हो!"

मुलांनो, मेंढीला अक्कल नसते असे तुम्हाला कोणी शिकवले? ठकूबाईला सगळे लख्ख दिसले. पुढच्या सामन्याआधी मेंढ्यांनी बादल्या भरभरून मैदानावर पाणी ओतले. त्याचा बर्फ झाला आणि सामना रद्द झाला. घुबडांनी विजय दिला. त्याच्या पुढच्या वेळी धुके होते. बगळ्याला गोलपोस्ट दिसेना, म्हणून सामना रद्द. पुन्हा विजय. वसंतात ऊन पडले, तेव्हा मेंढ्यांनी अख्खे मैदान खाऊन टाकले. बगळा येऊन पाहतो तो नुसता चिखल. "ही काय खेळायची जागा आहे?" तो म्हणाला आणि पाय झटकत परत गेला.

थंडीपासून पुढे एकही बॉल न मारता ओली टेकडी चौथ्या लीगची विजेती ठरली. मिरवणूक निघाली. पिशवीत फुंकून वाजवायचे ते तिकडचे वाद्य वाजले. सीझनचा उत्कृष्ट गोलकीपर म्हणून गेनबाचा सत्कार झाला. भाषणात त्याने तो डाव्या कोपऱ्यातला गोल इतका रंगवून सांगितला, की चार मेंढ्या रडल्या. दोघींनी तर तो प्रत्यक्ष पाहिला होता.

विजेता संघ वरच्या लीगमध्ये जातो. वरच्या लीगमध्ये कोण होते? हां, आता आठवले ना तुम्हाला! मेंढ्यांना नव्हते आठवले.

पहिलाच सामना लांडग्यांशी लागला. मेंढ्यांनी घाईघाईने बादल्या भरल्या, मैदान बुडवले आणि सामना रद्द करून घेतला. लांडगे मुकाट्याने परत गेले. दुसऱ्या दिवशी घुबडांचा निकाल लागला.

"लांडगे नऊ-शून्य जिंकले असते. पहिल्या हाफमध्ये त्यांनी गोलकीपर गेनबाला खाल्ले असते. निकाल अंतिम आहे."

मेंढ्यांची तातडीची सभा भरली.

"हा काय चावटपणा आहे?" गेनबा ओरडला. "मी तर त्या दिवशी मैदानावर फिरकलोसुद्धा नाही!"

"गेनबा," ठकूबाई शांतपणे म्हणाली, "ते तीन गोल अडवलेस तेव्हा तू मैदानावर होतास का?"

गेनबा मान खाली घालून गवत खाऊ लागला. ठकूबाई पुढे म्हणाली,

"हा निकाल खोटा म्हणायचा तर मागचे सगळेच खोटे. कप परत करावा लागेल. परत तळाला जाऊ. मग दलदल. मतदान घेऊ या." एकीने हात वर केला. एकीने केला म्हणून दुसरीने केला. मग सगळ्यांनी केला. गेनबाला खाल्ले असल्याचे बहुमताने मंजूर झाले.

निकालाची अंमलबजावणी करायला लांडग्यांचा कप्तान आला. धुक्यात गेनबा रिकाम्या गोलमध्ये उभा होता. त्याला फार वाईट वाटत होते. मरण्याचे वाटत होतेच, पण न अडवलेल्या बॉलचे जास्त वाटत होते.

"कप्तान," तो म्हणाला, "खायच्या आधी एक किक मारा. खरीखुरी."

लांडगा खेळाडू होता. त्याने बॉल ठेवला, मागे गेला, धावत आला आणि सणसणीत किक मारली. गेनबाने डोळे उघडे ठेवले. पळायला जागा नव्हती, म्हणून हललाही नाही. बॉल धाडकन त्याच्या कपाळावर आदळला आणि उडून बाहेर गेला.

"अडवला!" गेनबा म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी आले. "कप्तान, मी अडवला!"

"अडवलास खरा," लांडगा म्हणाला. "आता तुला खायला मला कसंतरीच वाटेल. जा बाबा. खाल्ला म्हणून कळवून टाकतो."

गेनबा धापा टाकत टेकडीवर आला. तिथे त्याचीच शोकसभा चालली होती. तो ओरडला, "ठकूबाई! अडवला! खरंच अडवला!"

ठकूबाईने चष्मा सारखा केला. "त्या किकचाही निकाल आलाय. धुक्यात कोणाला काही दिसलं नाही, म्हणून आम्ही घुबडांकडे पाठवलं होतं. बॉल आत गेला असता."

"अहो, पण माझ्या कपाळाला टेंगूळ आलंय! हे बघा!"

"गेनबा, शोकसभेत मयताने मधे बोलू नये," ठकूबाई म्हणाली. मग तिने सर्वांना दोन मिनिटे स्तब्ध उभे राहायला सांगितले.

सगळ्या मेंढ्या उभ्या राहिल्या. सगळ्या उभ्या राहिल्या म्हणून गेनबाही उभा राहिला.

तात्पर्य: मुलांनो, खेळल्याने माणूस हरतो, म्हणून होता होईतो खेळू नये. आणि चुकून एखादा बॉल खरोखर अडवलात, तर टेंगूळ झाकून ठेवावे. पुराव्याने निकाल बिघडतात.