नदीपलीकडचा जावई

या खेपेला आपल्याला पाडणारा माणूस अजून जन्माला यायचाय, असं चंपतराव आदिलाबादेत भेटेल त्याला सांगत होते. साल १९८५, निवडणूक विधानसभेची. याआधी ते दोनदा पडले होते, आणि तेही असे की पाचव्या नंबरच्या उमेदवारानं घरी येऊन त्यांचं सांत्वन केलं होतं! बायकोनं, म्हणजे मथुराबाईनं, यंदा स्पष्टच बजावलं, "हे शेवटचं. आता पडले तं गुपचूप आपलं किराणा दुकान सांभाळा. राजकारनाचं नाव काढाचं नाई!"

प्रचाराच्या शेवटच्या दिवशी चंपतरावांनी मोठा बेत आखला. भीमपूरच्या बाजूला, नदीकाठी, कोणताही उमेदवार पोचला नाही असं गाव गाठायचं. जीप डोमाजीची. हा डोमाजी बेल्लमपल्लीचा, या भागात अगदीच नवखा, पण रस्ता विचारणं त्याला अब्रू गेल्यासारखं वाटायचं. चंपतराव पुढं बसून भाषण पाठ करता करता घोरू लागले. मथुराबाई मागं भोंग्याला मिठी मारून धूळ खात होती. मध्येच वाळू आणि घोटाभर पाणी लागलं. डोमाजीनं नाला समजून जीप घातली आणि पलीकडच्या उंबरडोह गावात नेऊन उभी केली.

काय स्वागत झालं म्हणता! तीच कपाशी, तीच ज्वारी, तीच बोली. मतांसाठी या गावात आजवर कुणी कुत्रंसुद्धा फिरकलं नव्हतं. डफडं वाजलं, चंपतराव हारांत बुडाले. गावातली सगळ्यांत वडीलधारी सोजरबाई मथुराबाईचा हात धरून तिला घरात घेऊन गेली.

"पोरी, माहेर कुठलं तुहं?"

"माहेर राह्यलं नाई, मावशी. मायबाप गेले, भाऊ नाई."

"मंग हे घर कोनाचं हाय?" असं म्हणून सोजरबाईनं तिथंच खण, नारळ आणि ज्वारीनं तिची ओटी भरली. मागून आळीतल्या बायांनीही भरली. सोजरबाईच्या घरात जिची ओटी भरली ती जन्मभर गावाची लेक, असा तिथला रिवाज. मथुराबाईला इतकं भरून आलं की ती प्रचार वगैरे विसरूनच गेली.

बाहेर चंपतराव गरजत होते, "तुमच्या कापसाले भाव नाई! मी हैद्राबादेत असा बोलीन, का भिंती हालतीन!"

सोजरबाई दारात येऊन म्हणाली, "जावईबापू, हैद्राबादेत काऊन? आमचं सरकार तं मुंबईले हाय!"

डफडं थांबलं.

"म्हंजे... हे महाराष्ट्र हाय?"

"आता बाई! वाटेत नदी नाई का लागली?"

चंपतरावांनी डोमाजीकडं पाहिलं. डोमाजीनं आभाळाकडं पाहिलं. परत नदी ओलांडेपर्यंत प्रचाराची वेळ संपली होती. दुसऱ्या दिवशी विरोधकांनी चक्क पेढे वाटले, "चंपतराव महाराष्ट्रात निवडून आले हो!" चंपतरावांनी तोंडावर पांघरूण ओढलं आणि जेवायलाही उठले नाहीत.

पण पेढे वाटणारे एक गोष्ट विसरले. नदीच्या अलीकडच्या गावांत घरोघरी सुना होत्या, त्या बहुतेक उंबरडोहच्या नाहीतर तिथल्या शेजारगावांच्या. गावचा जावई पडणार म्हणजे गावाचं नाक कापलं जाणार! सोजरबाईनं बैलगाड्या जुंपायला लावल्या. प्रचार बंद होता, पण व्याह्यांना भेटायला जायची बंदी कुठंय? प्रत्येक लेकीचा बाप चहा पिऊन हळूच म्हणे, "आमचा जावई उभा हाय. तो पडला तं लेक माहेरी नेऊ, अन् धाडाचं मंग पाहू!"

शेवटची वेचणी शेतात उभी, घरची सून गेली तर कापूस कोण वेचणार? सासरे घाबरले. सासवा त्याहून जास्त घाबरल्या. मतदानाच्या दिवशी घरंच्या घरं बाहेर पडली आणि चंपतराव दणदणीत मतांनी निवडून आले!

मिरवणूक निघाली, गुलाल उधळला. मंचावर चढून चंपतराव खाकरले, "माझ्या भाषनांनी या जिल्ह्यात जी जागृती झाली..."

"जावईबापू, तुमी बसा!" गर्दीतून सोजरबाई ओरडली. "पोरीले बोलू द्या!"

मथुराबाई उभी राहिली. पदर सावरत एवढंच म्हणाली, "मले माहेर नोतं. आता हाय." मैदान असं गर्जलं की भोंग्याची गरजच उरली नाही. सगळ्यांत जोरात टाळ्या चंपतरावांच्याच होत्या, आणि त्यांचे डोळे काही गुलालानं चुरचुरत नव्हते.

पक्षालाही डोळे होतेच. १९८९ साली तिकीट मिळालं मथुराबाईला. १९९४ सालीही तिलाच! दोन्ही वेळा ती निवडून आली, आणि दोन्ही वेळा जीपमध्ये मागं भोंगा धरून बसले होते चंपतराव.

"आमी जागा कधी हरलोच नाई," असं ते अजूनही पारावर ठासून सांगतात. मात्र तोंड उघडण्याआधी आमदारीणबाई जवळपास नाहीत ना, तेवढं बघून घेतात.