कोऱ्या बाटलीतलं जीवनसत्त्व

चेहऱ्याच्या क्रीममध्ये ई जीवनसत्त्व किती आहे हे मोजण्याआधी यंत्रात नुसतं द्रावण घालून बघायचं असतं. त्यात क्रीमचा थेंबही नसतो, त्यामुळे उत्तर शून्यच यायला हवं. प्रयोगशाळेतल्या नव्या बाईंच्या द्रावणात मात्र जीवनसत्त्व नुसतं ओसंडून वाहत होतं.

"बाई, शून्य येत नसेल तर तुम्हाला कायम कसं करायचं?" साहेब म्हणाले आणि प्रत्येक बाटलीचं झाकण स्वतः घट्ट करून गेले. त्यांचा दुसऱ्या कुणावर भरवसाच नव्हता.

बाईंचा जीव टांगणीला लागला. त्यांनी बाटल्या बदलल्या, द्रावण बदललं, यंत्राची नळीसुद्धा बदलली. खाण्याच्या तेलातही हे जीवनसत्त्व असतं, म्हणून घरातही तेलाला हात लावणं बंद केलं.

"भाजीत तेल नाही, डोक्याला तेल नाही. तू कायम होईपर्यंत मी टिकेन ना गं?" नवरा कुरकुरला.

मग एके दिवशी साहेब बैठकीला गेले, झाकणं बाईंनीच लावली आणि यंत्राने चक्क शून्य दाखवलं. बाईंनी आनंदाने टाळी वाजवायला हात उचलले, ते तसेच राहिले. साहेबांचा चेहरा हल्ली फारच तुकतुकीत दिसायचा, आणि विचार करताना ते सारखे गाल चोळायचे. पण हे त्यांना तोंडावर सांगायचं कुणी?

ते परतल्यावर बाई कापसाचा बोळा घेऊन पुढे झाल्या. "सर, जरा गाल द्या."

"काय?"

"तपासणीला. माझाही घेतलाय."

संध्याकाळी अहवाल टेबलावर आला. बाईंचा गाल : शून्य. साहेबांचा गाल : यंत्राच्या मापाबाहेर.

साहेबांनी तो वाचला आणि उठून दार लावून घेतलं. नोकरी गेलीच, असं बाईंना वाटलं.

"बायको म्हणाली, लग्नाच्या फोटोतला माणूस कुठे गेला?" साहेब हळूच म्हणाले. "म्हणून तपासून उरलेलं क्रीम लावत होतो. खरं सांगा, फरक पडलाय का?"

बाईंनी निरखून पाहिलं. एक 'हो' म्हटलं की काम झालं असतं.

"चकाकी आलीय, सर. सुरकुत्या मात्र जिथल्या तिथे आहेत."

साहेबांनी खणातून बाईंना कायम करण्याचं पत्र काढलं आणि त्यावर सही ठोकली.

"तुमच्या आधीच्या बाई म्हणायच्या, दहा वर्षांनी तरुण दिसता," ते म्हणाले. "उद्यापासून त्यांचे सगळे अहवाल पुन्हा तपासायला घ्या."