सत्तेचाळीस नंबरची माघार

पहिल्या टप्प्याच्या शेवटी घड्याळजींनी टेबलावर चुकीचा कागद ठेवला, आणि कसलाही बिघाड नसलेली सत्तेचाळीस नंबरची गाडी रॅलीतून बाद झाली.

कागद चुकीचा असला तरी भरलेला अगदी बिनचूक होता. गाडी बंद पडली की माणसाचे हात थरथरतात आणि अक्षर लागत नाही. म्हणून माघारीचा अर्ज निघण्यापूर्वीच भरून, त्यावर चालकाची सही घेऊन ठेवायची, ही घड्याळजींची सव्वीस वर्षांची पद्धत होती. ती सगळी वर्षं त्यांची बायको गाडी चालवायची आणि ते शेजारी बसून वहीतली वळणं वाचून दाखवायचे. गेल्या थंडीत ती गेली. या वर्षी चालवायला मुलगी होती. निघताना बाबांनी पुढं केलेल्या दोन कागदांवर तिनं न वाचताच सही केली. एक वेळेचं कार्ड, दुसरा माघारीचा अर्ज. दोन्ही पिवळे, कारण छापखानेवाल्याकडे पिवळाच कागद उरला होता.

टेबलामागं पोस्टातून निवृत्त झालेल्या बाई बसल्या होत्या. कागद आला की आधी शिक्का मारायचा आणि मग वाचायचा, असा त्यांचा क्रम होता. त्यांनी शिक्का मारला, वाचलं आणि हळहळल्या.

"काय झालं गं गाडीला?"

"काही नाही झालं," मुलगी म्हणाली. इंजिन चालूच होतं.

बाईंनी गाडीकडे पाहिलं, मग शिक्क्याकडे. दोन्हींपैकी शिक्का त्यांना जास्त खात्रीचा वाटला. चाळीस वर्षांत टेबलाच्या आतल्या बाजूला आलेला एकही कागद त्यांनी बाहेर परत दिला नव्हता, आणि आता या वयात सवय मोडायची त्यांची इच्छा नव्हती. मुलीनं मदतीसाठी बाबांकडे पाहिलं. तेही वाकून शिक्का बघत होते.

"तारीख बरोबर पडलीय," ते म्हणाले.

निदान परत तरी जाऊ, असं मुलीचं म्हणणं होतं. त्यालाही नियम आडवा आला. माघार घेतलेल्या गाडीनं स्वतःच्या चाकांवर मार्गावरून जायचं नाही, ती ओढूनच न्यायची. हा नियम रॅली भरवणाऱ्या क्लबातल्या सगळ्या नियमांसारखा घड्याळजींनीच लिहिला होता, त्यामुळं त्याचा क्रमांकही त्यांनी लगेच सांगितला. क्रेनवाला सकाळपासून रिकामा बसला होता, तो निरोप मिळताच आला. गाडीच्या इंजिनाचा आवाज ऐकून तो थबकला.

"बंद करा ताई. चालू गाडी उचलायची परवानगी नाही मला."

मुलीनं गाडी बंद केली. मग ती उचलण्यात आली. तिघं क्रेनच्या पुढच्या बाकावर दाटीवाटीनं बसले आणि गावभर गाडीची वरात निघाली. क्रेनवाला वाटेत धीर देत होता. जुनी गाडी आहे, होतं असं. गाडीला काही झालेलं नाही, असं मुलीनं दोनदा सांगितलं. सगळे हेच सांगतात, तो म्हणाला.

रॅलीची कचेरी अध्यक्षांच्या, म्हणजे दंतवैद्यांच्या, दवाखान्यात होती. मागच्या अंगणात गाडी उतरताच क्लबचे तीन मिस्त्री तिच्यावर तुटून पडले. त्यांच्या तपासणीच्या फॉर्मवर 'बिघाडाचे कारण' हा रकाना होता, आणि तो रिकामा ठेवणं म्हणजे तिघांच्या हुशारीवर बोट ठेवणं. तासभर शोधूनही काही सापडलं नाही, तेव्हा सर्वांत वडील मिस्त्रीनं कार्ब्युरेटर साफ करायला काढला. परत बसवल्यावर एक स्क्रू उरला आणि गाडी सुरू होईना. वडील मिस्त्रीनं समाधानानं फॉर्म भरला. उरलेला स्क्रू कुठला, हे शोधायला मुलीला संध्याकाळ झाली.

ती गाडीखाली होती तेव्हा आत समितीची बैठक सुरू झाली. प्रश्न जुनाच होता. पहिल्या दिवशी माघार घेतलेल्या गाडीला दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा येऊ द्यायचं की नाही? समितीत तिघंच. दवाखान्यात स्टुलं दोन, म्हणून छापखानेवाला रुग्णाच्या खुर्चीत बसला होता.

दंतवैद्य दरवर्षीप्रमाणे बाजूनं होते. लोक लांबून येतात, पहिल्या तासात गाडी बंद पडते, मग दोन दिवस त्यांनी खोलीच्या खिडकीत बसून काय करायचं? दहा मिनिटं दंड लावा आणि सोडा. छापखानेवाला दरवर्षीप्रमाणे विरोधात होता. एकानं फुटक्या चाकावर दिवसभर खरडत यायचं, दुसऱ्यानं दुपारी झोप काढायची, आणि सकाळी दोघांनी एकाच रांगेत उभं राहायचं, हा कुठला न्याय? शिवाय निकाल दोनदा छापावा लागतो. तो फार तावातावानं बोलू लागला तेव्हा दंतवैद्यांनी पाय लांब करून खुर्ची आडवी करायची पट्टी दाबली. छापखानेवाला बोलता बोलता आडवा झाला.

उरलं घड्याळजींचं मत. गेल्या वर्षीही तेच उरलं होतं. पहिल्या दिवशी क्लच गेला, तो बायकोनं स्वतः गाडीखाली झोपून संध्याकाळपर्यंत बसवला, आणि काळे हात तसेच घेऊन याच खोलीत येऊन तिनं उद्याची सकाळ मागितली. घड्याळजींनी नाही म्हटलं. ती भांडली नाही. हात पुसले, नवऱ्याला शेजारी बसवून गाडी घरी नेली आणि म्हणाली, उद्या जरा उशिरा उठू. दुसऱ्या दिवसाचा तो रस्ता राहिला. मुलीनं या वर्षी नाव दिलं होतं ते तेवढ्या रस्त्यासाठी. पुढच्या वर्षी गाडी एवढी चालेल की नाही, हे मिस्त्रींनाही सांगता येत नव्हतं.

"माझ्या गाडीसाठी नियम बदलायचा नाही," घड्याळजी म्हणाले.

छापखानेवाल्यानं आडव्यानंच मान डोलावली. दारात मुलगी येऊन उभी होती. हात काळे झाले होते.

"तुमची कुठं आहे, बाबा? आईची आहे ती."

घड्याळजींनी तिच्याकडे पाहिलं, मग तिच्या हातांकडे. चष्मा काढून पुसला. बराच वेळ पुसला.

"असं करू," ते शेवटी म्हणाले. "नियम बदलायचा. पण मागच्या वर्षापासून."

"मागच्या वर्षापासून म्हणजे कसं?" दंतवैद्यांनी विचारलं.

"मागच्या वर्षी पहिल्या दिवशी ज्यांनी माघार घेतली, त्यांना दुसऱ्या दिवशी यायला परवानगी. माझं तेव्हाचं मत चुकलं होतं. ते मागं घेतो."

दंतवैद्यांनी क्षणभर हिशेब लावला. "मग आजच्या गाडीलाही ती आपोआप मिळते."

"त्याला माझा इलाज नाही."

त्यांचं मन पुन्हा बदलायच्या आत दंतवैद्यांनी ते वहीत उतरवून घेतलं आणि सहीसाठी वही पुढं केली. खुर्चीतून आता फक्त धंद्याची तक्रार आली. मागच्या वर्षीचा निकालही पुन्हा छापावा लागणार होता.

"सत्तेचाळीसपुढं 'माघार' छापलंय मी. ते काढलं तर काय घालू, घड्याळजी? वहिनी दुसऱ्या दिवशी आल्या नाहीत."

"उशीर, असं घाला."

"बरं. किती मिनिटं?"

घड्याळजींनी सवयीनं मनगट डोळ्यांजवळ नेलं. मुलगी दाराला टेकून उभी होती.

"अजून मोजतोय," ते म्हणाले.

छापखानेवाल्यानं खिशातून पेन्सिल काढली. आडव्यानंच 'उशीर' लिहिलं, आणि आकड्यासाठी पुढं जागा सोडली.